लेखनशिबिरास येणाऱ्या मुलांची राहण्याजाण्याची सोय
(माण तालुक्यातील शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेत केलेले भाषण)



येत्या उन्हाळ्यात आपल्या माण तालुक्यातील मुलामुलींकरिता दहा दिवसांचे निवासी लेखनशिबिर भरवावे, असा विचार आपणांपुढे आला आहे. तेथे कोणी शिकवावे, कथा शिकवावी की कविता, यावर बोलणारे विद्वान पुष्कळ मिळतील. आम्ही आज त्यातले काही बोलणार नाही. पोर कोठे निजणार, काय खाणार, कोणत्या गाडीने येणार आणि कोणत्या गाडीने परत जाणार, एवढेच आम्हांस बोलावयाचे आहे. कित्येकांस हा विषय हलका वाटतो. पांढरपेशा माणसाला तो हलका वाटणे साहजिक आहे, कारण त्याच्या पोराला शहरोशहरी मामा आहे, आत्या आहे, आणि त्यांच्या घरी वर पंखाही फिरतो आहे. आमच्या मेंढक्याच्या पोराचा मामा मेंढरांमागेच असतो. त्याच्या घरी मुक्कामाला जायचे तर आधी त्याचा वाडा आज कोणत्या शिवारात बसला आहे हे शोधावे लागते! म्हणून ज्या शिबिराच्या पत्रकाखाली 'राहण्याची व प्रवासाची व्यवस्था ज्याची त्याने करावी' असे बारीक अक्षरात छापलेले असते, तेथे कोणी यायचे आणि कोणी यायचे नाही, हे त्या एका ओळीनेच ठरून जाते. पोराची हुशारी पाहावयाची वेळच येत नाही.

ही गोष्ट शाहू छत्रपतींनी शंभर वर्षांमागे ओळखली होती. कोल्हापुरात त्या वेळी शाळा नव्हत्या असे नाही. शाळा होत्या, पण खेड्यातून आलेल्या पोराने रात्री पाठ टेकायची कोठे, हा प्रश्न होता. म्हणून महाराजांनी १९०१ साली मराठ्यांचे वसतिगृह काढले, आणि मग एकेका जातीची वसतिगृहे निघत गेली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांकरिता मिस क्लार्क वसतिगृह निघाले. भाऊराव पाटील त्या काळी कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी साफ नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पोराचे शिक्षण पुस्तकापाशी अडत नाही, ते पाण्याच्या तांब्यापाशी आणि जेवणाच्या पाटापाशी अडते, हा धडा त्यांना तेथेच मिळाला असला पाहिजे. पुढे १९१९ साली त्यांनी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले आणि तेथे सगळ्या जातींची मुले एका चुलीवरचे जेवू लागली. १९२७ साली गांधीजींनी त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव दिले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. कोणते पुस्तक लावावे यासाठी त्या बाईने दागिने मोडले नाहीत. पोरांच्या पोटात भाकरी जावी म्हणून मोडले, हे आपल्या आयाबहिणींनी ध्यानात ठेवावे.

आता आपल्या माणदेशाकडे पाहा. येथे लिहिणारे निपजत नाहीत असे कोणी म्हणेल, तर तो खोटे बोलतो. माणगंगेच्या काठाने खाली गेलात की आटपाडी तालुक्यात माडगुळे लागते. व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' १९४९ साली पुस्तकरूपाने निघाले आणि आपल्या मातीची माणसे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली. त्यांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर शहरात नावारूपाला आले, तरी लिहावयास गावच्या शिवारातल्या एका पत्र्याच्या छपराखाली येऊन बसत. लोक त्या जागेला 'बामणाचा पत्रा' म्हणतात. नावात बामण आहे म्हणून आम्ही त्या पत्र्याचा राग करीत नाही. उलट आमचे म्हणणे असे की, लिहिणाऱ्याला गावाच्या कोलाहलापासून अंमळ दूर, डोक्यावर सावली असलेली जागा लागते, याचा इतका उघड पुरावा दुसरा शोधून मिळणार नाही. त्याच आटपाडीचे शंकरराव खरात. बाप गावचा तराळ. हा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्यांना कोणाचा पत्रा होता? आणि वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे तर लहानपणी घरच्यांबरोबर मुंबईपर्यंत पायी चालत गेले. चालता चालता जे पोचले त्यांची नावे आपण घेतो. जे वाटेतच कोणाच्या तरी खडीवर, विटांवर, उसाच्या फडात राहून गेले, त्यांत कोण लिहिणारा होता याचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही.

असो. आता शिबिर कोठे भरवावे? कोणी म्हणेल, पाचगणी-महाबळेश्वरास न्या, तेथे थंड आहे. जवळच भिलार आहे, तेथे २०१७ सालापासून घरोघर पुस्तके ठेवली आहेत. भिलार पाहण्याजोगे आहे यात शंका नाही. गावकऱ्यांनी स्वतःच्या खोल्या पुस्तकांना आणि वाचणाऱ्यांना मोकळ्या करून दिल्या, हे आपणही शिकावे. पण तेथे हंगामात खोलीचे भाडे पर्यटकाच्या खिशाकडे पाहून ठरते. आणि दुसरे असे की, पोरगी रात्रीची कोठे आहे हे आईला एका दिवसात जाऊन पाहून येता आले पाहिजे. दहिवडीला आई जाऊन येईल. भिलारला जायचे म्हणजे तिचा दोन दिवसांचा रोजगार बुडाला. म्हणून शिबिर माणातच भरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माणात ऊन आहे, पाणी नाही, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी दोनशे इंचांच्या पुढे पाऊस पडतो आणि आपल्याकडे वीस इंचांच्या आसपास. पण उन्हाळ्यात माणसांची सोय लावणे ही विद्या माणाला नवी नाही. चैत्रात शिखर शिंगणापुरास मुंगी घाटाने कावडी चढतात, तेव्हा दूरदूरची माणसे झाडाखाली, ओसरीत, पटांगणात निजतातच की! गोंदवल्यास समाधीच्या दर्शनाला आलेल्या माणसाला राहावयास जागा मिळते, पानावर प्रसाद मिळतो. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत माणसे जनावरांसह महिनोन्‌महिने राहिली. जनावरांसाठी जे झाले, देवासाठी जे दरसाल होते, ते चाळीस पोरांसाठी दहा दिवस होणार नाही काय?

पाण्याचा हिशेब मांडून दाखवतो. चाळीस मुले आणि दहा मोठी माणसे मिळून पन्नास. टंचाईत टँकरचे पाणी माणशी २० लिटर धरतात. ते पिण्याला आणि स्वयंपाकाला पुरे होईल. अंघोळ आणि शौचाला आणखी २० धरा. म्हणजे दिवसाला दोन हजार लिटर, आणि दहा दिवसांत वीस हजार. दहा हजार लिटरचे दोन टँकर आले की काम झाले. जेवढे पाणी एका लग्नाच्या मांडवात सांडते, त्याहून हे फार नाही. मात्र ज्या गावाची स्वतःचीच घागर रिकामी आहे, त्या गावाच्या वाट्याचे पाणी शिबिराने पिऊ नये. टँकर शिबिराने वेगळा विकत आणावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या बाया पोरांना जे बोलतील ते पोरांनी लिहून काढावे असे काही असणार नाही!

वेळ कोणती धरावी, यावर मतभेद होईल. वैशाखात लग्ने आहेत, जत्रा आहेत. गलाईच्या धंद्याला परमुलखी गेलेली कुटुंबे तेव्हाच गावी येतात, आणि त्यांची वर्षभर बंद असलेली मोठी घरे नेमकी तेव्हाच भरलेली असतात, म्हणून त्या घरांवर भिस्त ठेवू नये. जूनमध्ये मृग निघाला की पेरणीला हात लागतात. तेव्हा परीक्षा संपताच, एप्रिलच्या उत्तरार्धात दहा दिवस काढावेत हे बरे. पण तेव्हा कोकणच्या बाजूला मेंढरे घेऊन गेलेले धनगर अजून परतलेले नसतात. त्यांची जी पोरे वाड्याबरोबर आहेत, त्यांना तेथून आणण्याचा आणि पोचवण्याचा खर्च शिबिराने वेगळा बाजूला काढावा. तो कोणी फुकट गेला म्हणेल तर म्हणू द्या. बारा वाटांचे पाणी प्यालेल्या त्या पोरापाशी सांगण्याजोगे जितके आहे, तितके आमच्यासारख्या सभेत बोलणाऱ्यांपाशी नाही.

मुलांनी शाळेच्या इमारतीत राहावे. दुपारी पत्र्याखाली बसून कोणाच्या डोक्यात काही यावयाचे नाही. तेव्हा पहाटे साडेपाचपासून दहापर्यंत लिहावे, दुपारी पडून राहावे, ऊन कलल्यावर पुन्हा बसावे. रात्री मुले पटांगणात किंवा गच्चीवर निजतील. अंथरायला ज्याने त्याने घरचे घोंगडे आणावे. म्हसवडच्या बाजाराचे घोंगडे ज्याच्या घरी आहे त्याला गादीची आठवण होणार नाही. पण रात्रभर दिवा जळता असावा आणि पायतान झाडल्याशिवाय पाय घालू नये, हे पहिल्याच संध्याकाळी सांगावे. आपल्या रानात विंचू फार. सरकारी दवाखाना कोणत्या गावी आहे आणि रात्री तेथपर्यंत गाडी कोणाची, हे आधीच कागदावर लिहून भिंतीला लावावे.

मुलींबद्दल दोन शब्द अधिक बोलतो, कारण घोडे तेथेच अडते. १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग समाजाच्या, फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. तेव्हापासून आजवर कोणी असे म्हणू शकत नाही की आमच्या पोरींना लिहिता येत नाही. त्यांना रात्र बाहेर काढू देत नाहीत, एवढेच. याला उपाय उपदेशाचा नव्हे. मुलींची खोली वेगळी, तिला आतून कडी, कडी असलेले शौचकूप, आणि गावातल्या दोन जाणत्या बाया दहाही रात्री तेथेच मुक्कामाला. आणि ज्या आईला पोरगी स्वतः पोचवायची असेल तिच्या येण्याजाण्याचे भाडे शिबिराने द्यावे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना निम्मे भाडे आहे, म्हणजे हा खर्चही फार नाही.

जेवणाची एकच पंगत असावी आणि पाण्याचा एकच पिंप. मराठ्याचे, माळ्याचे, मातंगाचे, बौद्धाचे, रामोशाचे, कुंभाराचे पोर जसे येईल तसे रांगेत बसेल. ज्याला हे चालणार नाही त्याने पोर पाठवू नये. आम्ही त्याला आग्रह करणार नाही, आणि त्याच्यासाठी वेगळी पत्रावळही मांडणार नाही.

आता प्रवास. माण तालुक्यात रेल्वे नाही. तेव्हा एस.टी., वडाप किंवा पाय. शाळेच्या दिवसांत पोरांना पासाची सवलत असते, मुलींना बारावीपर्यंत तो फुकट असतो; पण तो पास घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा, शिबिराच्या वाटेचा नव्हे. आणि शाळेच्या वेळेला सुटणाऱ्या फेऱ्या सुट्टीत कमी होतात. तेव्हा भरवशाची म्हणजे मुक्कामी गाडी. ती रात्री गावात येऊन थांबते आणि पहाटे निघते. कोणकोणत्या गावी मुक्कामी गाडी आहे याची यादी आगारातून आधी आणावी, आणि ज्या गावी ती नाही तेथील पोरे शेजारच्या गावी कोणी आणून सोडायची हे याच सभेत ठरवावे. दहिवडीच्या स्थानकावर सकाळी आपला एक माणूस उभा असावा. नऊ-दहा वर्षांचे पोर पत्र्याची पेटी घेऊन स्थानकावर उतरले आणि त्याला नावाने हाक मारणारे कोणी नसले, तर ते पोर दुसऱ्या गाडीने माघारी जाते.

शिकवायला येणाऱ्या पाहुण्यांबद्दल थोडे. पुण्या-मुंबईच्या विद्वानांना मोटार पाठवावी लागते. एका मोटारीच्या येण्याजाण्याच्या भाड्यात आपल्याकडची वीस पोरे सहज येऊन जातील. ज्याला एस.टी.ने येऊन पोरांच्या पंगतीत जेवता येते, असा एखादा साधा मास्तर आम्हांस चालेल. नामांकित पाहुणे आले तर आनंदच आहे, फक्त त्यांचे भाडे पोरांच्या भाड्यातून काढू नये.

घरोघर आणखी एक अडचण निघेल ती आम्हांस ठाऊक आहे: 'दहा दिवस शेरडे कोण राखील?' हा प्रश्न खोटा नाही. पोर घरातून गेले म्हणजे दोन हात कमी झाले. यावर आमची सूचना अशी की, एकाच आळीतील दोन घरांनी मिळून ठरवावे. एकाचे पोर शिबिराला गेले तर दुसऱ्याने दोन्ही घरची शेरडे हाकावीत, आणि पुढल्या साली उलट. जेथे तेवढाही शेजार नाही, तेथे राखणीची मजुरी शिबिराच्या खर्चात धरावी.

तेव्हा आज येथून उठण्यापूर्वी प्रत्येकाने मुलाचे नाव, गाव, गावापासून एस.टी.चा रस्ता किती लांब, मुक्कामी गाडी आहे की नाही, आणि पोहोचवायला कोण येणार, एवढे लिहून द्यावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही लिहून घेऊ. शिबिर संपण्याचा दिवस आठवडी बाजाराचा धरावा, असे आमचे म्हणणे आहे. त्या दिवशी गाड्या जास्त असतात, आईबाप बाजाराला आलेलेच असतात, आणि पोर त्यांच्याबरोबर, लिहिलेली वही बाजाराच्या पिशवीत घालून, उजेडी घरी पोहोचते.