केबिनमध्ये प्लग दोन, माणसं तीन आणि अंधार गुडुप

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, जिथे असाल तिथे आवाज थोडा वाढवा. कारण आजचा विषय ऐकून आधी तुम्ही हसणार आहात. आजचा विषय आहे क्रूझच्या केबिनमधले प्लग आणि दिवे.

हो, प्लग आणि दिवे. क्रूझचं नाव काढलं की सगळे बोलतात डेकवरच्या सनसेटबद्दल, बुफेबद्दल, स्विमिंग पूलबद्दल. रील्सपण त्याच्याच. पण दिवसभर फिरून रात्री तुम्ही केबिनमध्ये येता, तेव्हा तिघांच्या हातात तीन मेलेले फोन असतात आणि भिंतीवर एक किंवा दोन सॉकेट. लाइट बंद केला की असा अंधार, की स्वतःचा हात दिसत नाही.

यावर लोक दोन गोष्टी करतात. एक तर जहाजवाल्यांना कंजूस म्हणतात, नाहीतर घरचा लांबलचक एक्स्टेंशन बोर्ड बॅगेत टाकून नेतात. दोन्ही चुकीचं. जहाजावरची वीज आपल्या घरच्या विजेसारखी वागत नाही. ते एकदा समजलं, की काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं हे आपोआप कळतं. आणि सोबत आई-बाबा असतील, तर ही तयारी म्हणजे चोचले नाहीत, गरज आहे. ते कसं, ते पुढे सांगते.

आधी, प्लग इतके कमी का? आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. मुंबईहून गोवा, लक्षद्वीपला जाणारी कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' आठवते ना? हे जहाज पाण्यात आलं १९९० साली, तेव्हा नाव होतं 'नॉर्डिक एम्प्रेस'. जहाजं अशी तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं चालतात. मधे मधे रंगरंगोटी होते, फर्निचर बदलतं, पण भिंतीमागचं वायरिंग सहजासहजी बदलत नाही. आता विचार करा, १९९० साली डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरच्या डोळ्यांसमोर काय असेल? एक शेव्हर, एक हेअर ड्रायर. बस! स्मार्टफोन, घड्याळ, इअरबड्स, टॅब, पॉवर बँक हे सगळं नंतर आलं. नव्या जहाजांवर बेडजवळ यूएसबी पोर्ट असतात. जुन्यांवर बहुतेक वेळा सॉकेट एकाच ठिकाणी, म्हणजे आरशाजवळच्या टेबलापाशी. बेडपासून लांब.

आणि सॉकेटचा प्रकारही वेगळा. बऱ्याच जहाजांवर दोन जातीचे असतात: दोन चपट्या पिनांचं अमेरिकन, ११० व्होल्टचं. आणि दोन गोल पिनांचं युरोपियन, २२० व्होल्टचं. आपला गोल तीन पिनांचा प्लग दोन्हींत बसत नाही. तुमच्या फोनच्या चार्जरवर बारीक अक्षरात वाचा, '१००-२४० व्होल्ट' असं लिहिलेलं असेल. म्हणजे तो दोन्हीकडे चालतो, फक्त पिन बसायला हवी. पण घरचं स्ट्रेटनर फक्त २२०-२४० वालं असेल, तर ते ११०वर कोमट होऊन बसेल. बाथरूममध्ये 'फक्त शेव्हरसाठी' असं लिहिलेलं सॉकेट दिसलं, तर ते खरोखर शेव्हरसाठीच आहे. अगदी थोडी पॉवर देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो त्याच्यामागे. तिथे ड्रायर लावायचा नाही.

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका, दोन मिनिटांत संपवते.

आपल्या घरी तीन वायर येतात: फेज, न्यूट्रल, अर्थ. न्यूट्रल कुठेतरी जमिनीशी जोडलेला असतो. त्यामुळे फेज वायर चुकून लोखंडाला टेकली की करंट धाडकन वाहतो, एमसीबी पडतो, घरात अंधार. आपण खुर्चीवर चढतो, स्विच वर करतो. घरी हे परवडतं. पण भर समुद्रात, वादळात, एका खराब वायरमुळे जहाजाचे पंप आणि स्टिअरिंग बंद पडलं तर? म्हणून बहुतेक जहाजांवर वीज लोखंडी सांगाड्यापासून वेगळी ठेवतात. दोन वायरपैकी एकही सांगाड्याला जोडलेली नसते. पहिला फॉल्ट झाला तरी वीज जात नाही, फक्त कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतो आणि माणसं फॉल्ट शोधायला लागतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला म्हणू, सिस्टिम क्रॅश न होता एरर लॉग करते.

पण याचा दुसरा अर्थ काय? तिथे 'थंड' वायर अशी नसतेच. दोन्ही वायर जिवंत. आता आपला स्पाइक गार्ड आठवा, लाल बटणवाला. तो बनलाय घरच्या वायरिंगसाठी. जहाजावर कुठेतरी एका वायरला फॉल्ट आला, की दुसरी वायर आणि सांगाडा यांच्यातलं व्होल्टेज वाढतं. स्पाइक गार्डच्या आतला पार्ट ते अंगावर घेत बसतो, तापतो, आणि पेट घेऊ शकतो. वर त्याचं बटण एकच वायर तोडत असेल, तर दुसरी चालूच राहते. अमेरिकन कोस्ट गार्डने २०१३ साली याच गोष्टीवर सेफ्टी अलर्ट काढला होता. समुद्रात फायर ब्रिगेडची गाडी येत नाही हो. आग लागली तर विझवणारे तेच, आणि पळायला जागाही तीच.

म्हणून टर्मिनलवर बॅगा स्कॅन होतात, तेव्हा स्पाइक गार्ड, इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायचा रॉड, मेणबत्त्या, अगरबत्ती हे काढून घेतात. बऱ्याच कंपन्यांनी आता साधे एक्स्टेंशन बोर्डसुद्धा बंद केलेत. तुमच्या कंपनीची बंदी असलेल्या वस्तूंची यादी वेबसाइटवर असते, बुकिंगच्या दिवशीच वाचून काढा.

मग न्यायचं काय? एक, एकाच प्लगमधून तीन-चार यूएसबी पोर्ट देणारा चार्जर. स्पाइक गार्ड नसलेला, शक्यतो वायर नसलेला, भिंतीत थेट बसणारा. दोन, दोन गोल पिनांचा साधा अडॅप्टर, आणि जमल्यास चपट्या पिनांचाही. म्हणजे दोन्ही सॉकेट कामाला येतात. तीन, दोन मीटरची एक केबल. चार, पॉवर बँक.

पॉवर बँकचं गणित करूया. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॉट-अवर. साधारण ५,००० एमएएचच्या फोनला लागतात १९ वॉट-अवर. मधे काही वाया जातं, ते धरून तीन फोन एकदा आरामात भरतात. म्हणजे दिवसा सगळे बाहेर असताना पॉवर बँक सॉकेटवर, आणि रात्री फोन पॉवर बँकवर. रात्री सॉकेट रिकामं! आणि कोणाला क्रूझ पकडायला विमानाने सिंगापूरला वगैरे जायचं असेल, तर पॉवर बँक हँडबॅगेतच, चेक-इन बॅगेत चालत नाही. १०० वॉट-अवरच्या आतली ठेवा म्हणजे परवानगीची भानगड नाही.

अजून एक, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि जहाजाच्या वायफायवर राहा. समुद्रात फोन नेटवर्क शोध शोध शोधतो आणि बॅटरी खातो. वर चुकून जहाजाच्या मोबाइल नेटवर्कला जोडला गेला, तर रोमिंगचं बिल बघून समुद्रात उडी मारावीशी वाटेल.

आता रात्री सॉकेट रिकामं का ठेवायचं, ते सांगते. गेल्या डिसेंबरमध्ये मी आई-बाबांना घेऊन मुंबई-गोवा क्रूझ केली. बाबांना स्लीप ॲप्निया आहे. झोपेत श्वास अडतो, म्हणून रात्रभर सीपॅप मशीन लावावं लागतं. बुकिंग झाल्या झाल्या बाबांचं सुरू, "अगं, दोन रात्रींचा तर प्रश्न आहे, नाही लावलं मशीन तर काय होतंय? उगाच एवढं ओझं!" आई काहीच बोलली नाही. पण तिचा चेहरा बघून मला कळलं, की बाबांनी मशीन लावलं नाही तर दोन्ही रात्री ती जागीच राहणार. घरीसुद्धा मशीन यायच्या आधी ती अशीच जागायची, बाबांचा श्वास ऐकत.

तुमच्याही घरात असं मशीन असेल तर नीट ऐका. 'दोन रात्री चालतंय' हे आपण ठरवायचं नसतं, डॉक्टरांना विचारायचं असतं. आणि क्रूझवर हे मशीन नेता येतं. मी निघण्याच्या तीन आठवडे आधी कंपनीला ईमेल केला. तीनच ओळी: सीपॅप आहे, बेडजवळ सॉकेट आहे का, नसेल तर जहाजाची स्वतःची एक्स्टेंशन वायर मिळेल का. उत्तर आलं, मिळेल. केबिनमध्ये पोचल्यावर स्टाफमधल्या दादांना सांगितलं, त्यांनी वायर आणून दिली आणि पायात येणार नाही अशी भिंतीकडेने लावूनही दिली. हा फरक लक्षात ठेवा, तुमची वायर चालत नाही, पण जहाजाने तपासलेली त्यांची वायर चालते. मशीन हँडबॅगेतच ठेवा, कारण मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते. ह्युमिडिफायर वापरत असाल तर डिस्टिल्ड पाण्याचंही आधीच विचारून ठेवा.

म्हणजे प्लगचा प्रायॉरिटी क्यू असा: पहिला नंबर मशीनचा. मग पॉवर बँक. आणि सगळ्यात शेवटी आपलं इन्स्टा.

आता अंधार. सगळ्यात स्वस्त केबिन असते आतली, म्हणजे खिडकीच नाही. तिथे सकाळचे सात आणि रात्रीचे दोन सारखेच. काहींना झक्कास झोप लागते. पण साठीच्या पुढच्या माणसाला रात्री एकदा-दोनदा उठावं लागतंच. नवीन जागा, हलणारी जमीन, आणि बाथरूमच्या दाराला बऱ्याचदा चांगला उंच उंबरठा. पडण्यासाठी अजून काय पाहिजे?

बाथरूमचा लाइट चालू ठेवून झोपायचं म्हटलं तर तो पांढराशुभ्र, डोळ्यांत घुसणारा. आणि डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. भक्क लाइट लावून बंद केला, की माणूस परत आंधळा. म्हणून उपाय एकदम साधा: बॅटरीवर चालणारे, हालचाल झाली की लागणारे छोटे पिवळसर सेन्सर लाइट. दोन पुरतात. एक बेडच्या पायाशी, एक बाथरूमच्या उंबरठ्याजवळ, दोन्ही जमिनीलगत. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यामुळे मॅग्नेटवाला लाइट टक्कन चिकटतो. मॅग्नेटचे हुकही न्या, चष्म्याची पिशवी, टोपी, ओळखपत्र, सगळं लटकतं. आईने तर तिसऱ्या हुकाला आपली पर्स लावली आणि म्हणाली, "घरी पण पाहिजे गं असं."

आणि सकाळ कशी कळणार? टीव्हीवर बऱ्याच जहाजांत एक चॅनल असतं, ज्यावर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं लाइव्ह दृश्य दिसतं. आवाज बंद करून ते लावून ठेवा. रात्री स्क्रीन जवळजवळ काळी, पहाट झाली की हळूहळू उजळते. शरीराच्या घड्याळाला सकाळ झाल्याचं कळतं. कंपन्यांनाही हे सुचलेलं आहे. २०११ साली 'डिस्नी ड्रीम'वर आतल्या केबिनमध्ये कॅमेऱ्याचं दृश्य दाखवणाऱ्या गोल खिडक्या आल्या, आणि २०१४ मध्ये रॉयल कॅरिबियनने 'नॅव्हिगेटर ऑफ द सीज'वर ८० इंची स्क्रीनची 'बाल्कनी' केली. आपण तेच काम साध्या टीव्हीवर करतोय, फुकटात.

काही जहाजांवर दारापाशी एक खाच असते, त्यात कार्ड घातलं तरच लाइट लागतात, हॉटेलसारखं. तिघांत एकच जण कार्ड घेऊन बाहेर गेला तर बाकीचे अंधारात. प्रत्येकाने आपापलं कार्ड गळ्यातच ठेवायचं.

शेवटचा मुद्दा, टॉर्च. फेब्रुवारी २०१३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल ट्रायम्फ'च्या इंजिन रूमला आग लागली. कोणी दगावलं नाही, पण जहाजाची मुख्य वीज गेली आणि चार हजारांवर माणसं कित्येक दिवस तशीच. आतल्या केबिनमध्ये काळोख आणि उकाडा, लोक गाद्या ओढून डेकवर झोपले. असं क्वचित होतं. पण उशाशी एक छोटी टॉर्च असायला काय जातं? आणि पहिल्या दिवशी केबिनपासून जिन्यापर्यंत एकदा आई-बाबांसोबत चालून बघा. कॉरिडॉरमध्ये जमिनीलगत चमकणाऱ्या पट्ट्या असतात, धुरात वाट दिसावी म्हणून. त्या त्यांना बोट दाखवून सांगा.

तर मंडळी, सगळं मिळून खर्च म्हणाल तर एका सिनेमाच्या तिकिटांत आणि पॉपकॉर्नमध्ये सेन्सर लाइट, हुक, अडॅप्टर बसतात. चार्जर आणि पॉवर बँक बहुतेकांकडे असतातच. ईमेल फुकट आहे. पण तो ईमेल तुम्हीच करायचा. कारण आपले आई-बाबा स्वतःच्या सोयीसाठी कोणाला काही मागत नाहीत. ते "चालतंय गं" म्हणतात आणि दोन रात्री जागून काढतात.

कोणाच्या घरी क्रूझचं प्लॅनिंग सुरू असेल तर हा एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाका. तुमच्या काही युक्त्या असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या वेळी ऐकवते. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि निघायच्या आदल्या रात्री पॉवर बँक चार्जिंगला लावायला विसरू नका. बाय!