गळ आणि मुलें

पिसांची माशी गळास बांधून ट्राउट धरण्याची कला मुलांस शिकवूं म्हटलें, तर तो थंड पाण्याचा मासा आमच्या वऱ्हाडांत जगावयाचा नाहीं. पण गळ परका नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मासे, आमिष व दोरी यांचें सविस्तर वर्णन केलें. राजास जो विनोद हलका वाटला नाहीं, तो जठारपेठेंतील पालकांस कां वाटावा? मुलाच्या हातीं काठी द्यावी व काठावर मुकाट बसवावें. व्याकरणानें न येणारा धीर तेथें येतो. अडचण पाण्याची. जानेवारी २०१८ मध्यें हजारों अकोलेकरांनीं मोर्णेंतील जलपर्णी उपसली. पण सांडपाणी येतच राहिलें, तर गळ टाकावा कोठें? लहान मासा ओल्या हातानेंच सोडावा. कोरड्या हातानें त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर जातो. आणि पावसाळ्यांत, मासे अंडीं घालतात तेव्हां, गळ घरींच टांगलेला बरा.