डाग दिसला, पुढं काय?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय 'वैद्यकीय प्रतिमा आणि रोगनिदान' असा भारदस्त छापला आहे. आमच्या एक्स-रेच्या खोलीत येणारा माणूस असं काही म्हणत नाही. तो एक्स-रेला फोटो म्हणतो. आपल्या सुरतेतल्या लिंबायत, उधन्याकडून आलेले खानदेशी आजोबा टेबलावरून उतरता उतरता विचारतात, "साहेब, फोटोमा काय दिखस?" डाग दिसतोय म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला, "कसाना डाग?" पहिल्याचं उत्तर द्यायला पाच मिनिटं पुरतात. दुसऱ्याला कधी कधी दोन वर्षं लागतात. हे असं का, ते आज सांगायचं आहे.

उदाहरण आपल्याच गावाचं घेऊ. सप्टेंबर 1994. इथल्या पन्नाशीपुढच्या मंडळींना तो महिना आठवून द्यायला नको. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगच्या बातम्या आधीच येत होत्या. मग इथं वेड रोड, कतारगामकडून ताप, खोकला, थुंकीत रक्त अशी माणसं सिव्हिलमध्ये येऊ लागली आणि त्यातली काही बघता बघता गेली. प्लेग हा शब्द बाहेर फुटला आणि काही लाख लोकांनी शहर सोडलं. नंदुरबार, अमळनेर, भुसावळकडच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. टेट्रासायक्लीन हे औषध दुकानातून नाहीसं झालं.

त्या रोग्यांच्या छातीच्या फिल्मवर काय होतं? फुप्फुसात पांढरट ढग. प्लेगच्या न्यूमोनियात ते झपाट्यानं पसरतात. पण प्लेगचा ढग आणि साध्या न्यूमोनियाचा ढग शेजारी ठेवले तर जगातला कुठलाही रेडिओलॉजिस्ट छातीठोकपणे सांगू शकत नाही की हा प्लेग आणि हा नव्हे. फिल्मवर जंतूचं नाव नसतं. ते थुंकीतून, रक्तातून, प्रयोगशाळेत काढावं लागतं. आपल्याकडे ते काम रेंगाळलं, म्हणून हा प्लेग होता की दुसरंच काही, हा वाद देशात आणि परदेशात पुढं बराच काळ चालू राहिला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1994 च्या जंतूंची जनुकीय तपासणी करून तो प्लेगचाच जंतू असल्याचं 2000 मध्ये प्रसिद्ध केलं. ढग दिसले त्याच दिवशी. त्यांचं नाव पक्कं व्हायला सहा वर्षं गेली.

याचं कारण क्ष-किरणांच्या स्वभावात आहे. हवेत ते फारसे अडत नाहीत, म्हणून फुप्फुस काळं दिसतं. चरबीत थोडे अडतात, रक्त, पाणी, मांस यांत त्याहून जास्त, हाडात आणखी जास्त. आता पू, रक्त, पाणी आणि गाठीचं मांस हे सगळं जवळजवळ सारखंच अडवतं. म्हणजे न्यूमोनिया, क्षय, कर्करोग आणि जुना बरा झालेला व्रण, चौघंही फिल्मवर पांढरेच. रॉन्टगेननं 8 नोव्हेंबर 1895 ला हे किरण पाहिले तेव्हापासून ही अडचण आहे, आणि पुढची सगळी यंत्रं तिच्यातून वाट काढण्यासाठीच निघाली.

त्यातलं सीटी स्कॅन तुमच्या ओळखीचं. 1 ऑक्टोबर 1971 ला विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका बाईच्या मेंदूचा पहिला सीटी निघाला. यंत्र करणारा गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हे, ईएमआय या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर. बीटल्सच्या रेकॉर्डच्या पैशावर सीटी उभा राहिला अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्यानं कंपनीपेक्षा कितीतरी जास्त पैसे घातले होते, हे कोणी सांगत नाही. हाउन्सफील्डनं प्रत्येक ठिपक्याला आकडा दिला. पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास, घट्ट हाड हजाराकडे. त्यामुळे फुप्फुसातल्या गोल गाठीत चरबीचा आकडा सापडला की आम्ही निश्वास टाकतो, कारण अशी गाठ बहुधा निरुपद्रवी असते. सोनोग्राफीतही अशा खुणा असतात. पाण्याची गाठ काळीभोर दिसते आणि तिच्या मागचा भाग उजळतो. खड्याच्या मागे सावली पडते. एमआरआयचं तत्त्व वेगळं, त्यावर स्वतंत्र व्याख्यान लागेल, म्हणून तो सोडतो.

इथं बसलेल्यांपैकी बरेच जण हिऱ्याच्या धंद्यात आहेत. कच्चा हिरा गॅलेक्सी मशीनमध्ये घालून आतला डाग नेमका कुठं आहे ते तुम्ही काढता आणि मग प्लॅनिंग करता. आमचं काम त्याच्या बरंच जवळ जातं, पण एका ठिकाणी साफ वेगळं होतं. हिऱ्यातला डाग आज आहे तसाच पुढच्या वर्षी असणार. शरीरातला डाग वाढतो, आटतो, जिरतो किंवा तसाच राहतो. यातलं काय घडतंय, ही आमच्या हातातली फार मोठी खूण आहे, आणि ती एका फोटोत कधीच नसते.

आकड्यात सांगतो. आठ मिलिमीटरची गाठ सहा महिन्यांनी दहा मिलिमीटरची झाली. घरचे म्हणतात, दोनच मिलिमीटर तर वाढली. पण गाठ गोल असते. आठाचा घन 512 आणि दहाचा 1000. म्हणजे गाठ जवळजवळ दुप्पट झाली. उलट फुप्फुसातली भरीव गाठ दोन वर्षं जशीच्या तशी राहिली, तर ती साधारणपणे निरुपद्रवी धरतात. लूमच्या खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या उजव्या फुप्फुसाच्या टोकाला डाग दिसला, तर तो जुन्या क्षयाचा व्रण की नवं काही? दहा वर्षांपूर्वीची फिल्म हातात असेल तर उत्तर तिथल्या तिथं मिळतं. नसेल तर सीटी, थुंकी, कधी गाठीचा तुकडा काढायला सुई, आणि घरात महिनाभर झोप नाही.

आता वेल्लोरची हकीकत. ती मला आपल्या देशातल्या रोगनिदानाची सर्वांत शहाणी हकीकत वाटते. सीटी आपल्याकडे आला तेव्हा एक चित्र वारंवार दिसू लागलं. धडधाकट तरुण, अचानक फिट येते, आणि मेंदूत एक सेंटिमीटरच्या आसपासची छोटी अंगठी. क्षयाचा देश, तेव्हा ही क्षयाचीच गाठ असं धरून महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली जात. पुन्हा सीटी काढला की अंगठी नाहीशी. औषधांचा गुण, दुसरं काय! पण काही रोग्यांत क्षयाची औषधं न देताही ती नाहीशी झाली. तेव्हा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. मॅथ्यू चांडी आणि डॉ. वेदांतम राजशेखर यांनी तर्क लढवत न बसता काही गाठी शस्त्रक्रियेनं काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. बऱ्याच गाठींत निघाली ती फीतकृमीची मरू घातलेली अळी. 1989 ते 1991 च्या सुमारास त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि पुढं निकषही ठरवून दिले. एकच गाठ, वीस मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदू एका बाजूला ढकललेला नाही, डोक्यातला दाब वाढलेला नाही, हातापायातली ताकद कमी होत चाललेली नाही. असं असेल तर घाईनं कवटी उघडू नका, क्षयाची औषधंही लगेच सुरू करू नका, फिटचं औषध द्या आणि ठरल्या वेळी पुन्हा पाहा. चांगल्या स्कॅनवर कधी कधी त्या अंगठीत बाजूला एक ठिपका दिसतो. ते अळीचं डोकं.

सुरतेत हे सांगितलं की शाकाहारी घरं रागावतात. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही! पण मेंदूत जाणारी ही अळी मांसातून येत नाही. फीतकृमीची अंडी मैल्यातून पाण्यात, भाजीवर जातात आणि न धुतलेल्या कोथिंबिरीबरोबर कोणाच्याही पोटात उतरतात.

या सगळ्यावरून जास्त फोटो म्हणजे जास्त सुरक्षा असा अर्थ काढू नका. दक्षिण कोरियात निरोगी माणसांची गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. 1993 च्या मानानं 2011 मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान पंधरा पट झालं. त्या रोगानं होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. ज्यांनी कधी त्रास दिला नसता अशा गाठी शोधून हजारोंचे गळे उघडले. आपल्याकडे वाढदिवसाला 'फुल बॉडी' पॅकेज भेट देतात, त्यात सीटी असेल तर छातीच्या एका सीटीत साध्या फोटोच्या पन्नासपटीहून अधिक किरण जातात, हेही पावतीवर छापायला हवं असं माझं मत आहे.

उलट मुंबईचा दाखला बघा. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी 1998 पासून वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत, अशा चार फेऱ्या. मॅमोग्राफीचं यंत्र नाही. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष 2021 मध्ये आला. सर्व वयोगट धरून फरक ठोस म्हणावा असा नव्हता, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा बायांनो, हाताला गाठ लागली तर मॅमोग्राफीच्या शिबिराची वाट बघत बसू नका.

आणि जिथं फोटो हवाच, तिथं तो काढायलाच हवा. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत छातीचा एक्स-रे नसता तर 42.6 टक्के रोगी सुटले असते. त्यांना सांगण्यासारखी लक्षणंच नव्हती. आता संगणकही फिल्म वाचतो. मार्च 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पंधरा वर्षांपुढच्यांच्या क्षयाच्या चाळणीसाठी अशा प्रणालींना मान्यता दिली, आणि तिथं तपासलेल्यांत मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीची प्रणालीही होती. संगणक आमची पोटं मारणार का, असं विचारतात. जिथं रेडिओलॉजिस्ट कधी पोचलाच नाही तिथं तो फिल्म वाचत असेल तर मला आनंदच आहे. पण तोही डागच दाखवतो. थुंकी तपासावीच लागते.

शेवटी सुईबद्दल. 'सुई लावली की पसरतं' हे वाक्य मी रोज ऐकतो. काही मोजक्या अवयवांत आणि मोजक्या गाठींत डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. बाकी बहुतेक ठिकाणी सोनोग्राफी किंवा सीटीत बघत घातलेल्या सुईनं रोग पसरण्याची शक्यता अगदी नगण्य असते, आणि सुईला घाबरून सहा महिने घालवले तर रोग खरोखरच पसरतो. आमच्या रिपोर्टखाली 'क्लिनिकली कोरिलेट करावे' असं लिहिलेलं असतं. ही पळवाट आहे अशी थट्टा होते. कधी कधी ती असतेही. पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ सरळ असतो. मी फक्त सावली पाहिली आहे, रोगी तुमच्यासमोर आहे, त्याला विचारा.

म्हणून विचारण्याआधीच सांगत चला. काय काम करता, किती वर्षं; घरात क्षय कोणाला झाला होता; मावा, तंबाखू किती. बायकोसमोर सांगायला लाज वाटत असेल तर तिला बाहेर बसवा, पण सांगा. जुन्या फिल्म आणि सीडी रद्दीत घालू नका. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो चालत नाही, त्यात बारीक डाग हरवतात. आणि त्या फिल्म पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका. आजकालच्या बऱ्याच फिल्म उष्णतेनं उमटवलेल्या असतात, सुरतेच्या मे महिन्यात पत्र्याखाली त्या काळ्या पडतात. कपाटात, सपाट, पाकिटासकट ठेवा, वर तारीख लिहा, आणि पुढच्या वेळी येताना घेऊन या.