काकांचा खटक्याचा चाकू

खटक्याचा चाकू म्हटलं की बहुतेकांना सिनेमातला गुंड आठवतो. गळ्यात रुमाल, बोळाच्या तोंडाशी उभा, आणि हातात खाटकन उघडलेलं पातं. मला आठवतात ते ओसरीवर बसून पेरू कापणारे आमचे काका.

काका मुंबईत गिरणीत होते. तिथल्या यंत्रात त्यांचा डावा हात मनगटापासून गेला. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वर्षभरात काका रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी कायमचे राहायला आले. सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, आणि खिशात पितळी मुठीचा छोटा रामपुरी. खात्यातल्या एका उत्तरेकडच्या सोबत्यानं, अपघातानंतर गावाहून येताना, तो मुद्दाम त्यांच्यासाठी आणला होता. पातं जेमतेम चार बोटं रुंदीएवढं लांब.

हाच चाकू का, हे मला कळायला वेळ लागला. आपल्या घरात चिरायला विळी. पाय ठेवून तिच्यावर बसता येतं, पण चिरायला दोन्ही हात हवेत. नख घालून उघडायचा साधा घडीचा चाकू घ्यावा, तर एका हातानं मूठ धरायची आणि दुसऱ्यानं पातं ओढायचं. वाडीत केळीचं पान कापायचं, सुंभ तोडायचं, तेव्हा उघडा सुरा खिशात घालून कोण फिरणार? खटक्याच्या चाकूला मात्र एक अंगठा पुरतो. मिटताना काका अंगठ्यानं खटका दाबून धरत आणि पात्याची बोथट पाठ दाराच्या चौकटीवर रेटत. फळ कापायला त्यांनी एका पाटाला खालून दोन खिळे ठोकून घेतले होते. वर आलेल्या टोकांवर पेरू रोवला की तो हलत नसे.

पुष्कळ वर्षांनी मी वाचलं, की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या छत्रीधारी सैनिकांना असेच स्प्रिंगचे चाकू दिले होते. छत्री अडकली, एक हात गुंतला, तर दुसऱ्या हातानं दोऱ्या कापता याव्यात म्हणून. त्याच अमेरिकेनं १९५८ साली या चाकूंच्या व्यापारावर बंधनं घातली. पण एकच हात असलेल्या माणसाला तीन इंचांपर्यंत पात्याचा असा चाकू जवळ बाळगायची सवलत त्या कायद्यात ठेवली. काकांना हे सांगायला हवं होतं. राहून गेलं.

आता या चाकूच्या पोटात काय असतं ते थोडं सांगतो, कारण साफसफाईची सगळी गोम तिथेच आहे. पातं मिटलेलं असताना आतली स्प्रिंग ताणलेली असते. खटक्याला जोडलेली एक खिटी पात्याच्या बुडातल्या खाचेत अडकून त्याला धरून ठेवते. खटका दाबला की खिटी सुटते, स्प्रिंग पातं बाहेर फेकते, आणि ते पूर्ण उघडलं की तीच खिटी दुसऱ्या खाचेत पडून पातं पक्कं करते. म्हणजे एवढीशी खिटी, तिच्याकडे दोन कामं. खिशातल्या कापडाचा कीस, फळाचा चीक, वाळलेलं तेल यांनी तिची वाट अडली, तर पातं दिसायला पूर्ण उघडतं, पण पक्कं होत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

चाकू पुसायचं काम माझ्याकडे होतं. वय वर्षं बारा. पितळी मूठ लखलखीत व्हावी म्हणून मी ती चिंचेनं घासली. ते आंबट पाणी आत झिरपलं, पात्याच्या बुडाशी तांबूस डाग पडले. ते लपवायला मी खोबरेल तेल ओतलं, थेंबानं नव्हे, चांगलं धारेनं. चाकू काही दिवस अगदी लोण्यासारखा चालला. मग डिसेंबर आला. खोबरेल थंडीत थिजतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, मलाही होतं. पण बाटलीत थिजतं ते चाकूतही थिजेल, एवढं डोकं चाललं नाही. त्या सकाळी काकांनी खटका दाबला, पातं जरा संथपणे उघडलं. कडक पेरूवर त्यांनी जोर दिला आणि पातं मागे फिरून त्यांच्या बोटांवर मिटलं.

जखम फार खोल नव्हती. पण हात एकच. बारा दिवस त्यांना काकूनं भरवलं. पाणी पाजायचं, सदऱ्याची बटणं लावायची, सगळं दुसऱ्यानं करायचं. गिरणीतल्या अपघातानंतर त्यांनी जे जे पुन्हा कमावलं होतं, ते सगळं माझ्या तेलानं बारा दिवस काढून घेतलं. ते मला रागावले नाहीत. पट्टी सुटल्यावर एवढंच म्हणाले, "बस इथं. आता नीट शिक. तेलानं घाण जात नाही रे, ती चिकटून बसते."

मग ओसरीवर वर्तमानपत्र पसरून शिकवणी झाली. चाकू उघडायचा तो टोक माणसांपासून लांब करून. सफाई उघड्या चाकूची करायची, कारण उघडल्यावर स्प्रिंगचा ताण बराच उतरलेला असतो. फडकं पात्याच्या पाठीकडून धरायचं, धारेच्या बाजूनं कधीच नाही. आंब्या-काजूचा चीक असेल तर रॉकेलचा बोळा. मुठीच्या फटीतला कीस हिराच्या काडीनं ओढून काढायचा आणि मग सायकलच्या पंपानं हवा मारायची. फुंकर मारायची नाही, फुंकरीत ओल असते. आमच्याकडे खारी हवा आधीच पोलादाच्या मुळावर उठलेली.

पुढचं काम बिजागरीचं. पातं ज्या खिळ्यावर फिरतं तिथं आणि खटक्याच्या कडेला रॉकेलचे दोन-तीन थेंब. पात्याची पाठ चिमटीत धरून सावकाश चार-पाच वेळा उघडमीट. काळं पाणी बाहेर येतं. ते येणं थांबेपर्यंत हेच करायचं, आणि चाकू रात्रभर फटीचं तोंड खाली करून फडक्यावर ठेवायचा. सकाळी शिवणयंत्राचं तेल. सुईच्या टोकावर येईल तेवढा एक थेंब खिळ्याला, एक खटक्याला. वर दिसेल ते पुसून टाकायचं, कारण दिसणारं तेल धूळ धरायलाच बसलेलं असतं. खोबरेलाला बंदी नव्हती. पण ते फक्त पात्यावर, बोट फिरवल्यासारखं.

धार लावतानाही बिजागरीला चिंधी गुंडाळायची. दगडावरचा ओला गाळ आत गेला तर तो आतून घासत राहतो.

शेवटी परीक्षा. चाकू उघडून पात्याची पाठ लाकडावर हळूच दाबून बघायची, बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर ठेवून. जरा जरी मागे सरकलं तरी त्या दिवशी चाकू वापरायचा नाही. ही परीक्षा काका रोज सकाळी घेत. उगाच खटके वाजवायला मात्र आम्हां पोरांना सक्त मनाई. स्प्रिंग नुसती ताणून ठेवल्यानं फारशी थकत नाही, पुन्हा पुन्हा हलवल्यानं थकते. आणि चाकू खोलायचा नाही. रामपुरीला रिवेट असते, ती कारागिराचीच. स्क्रूवाला असेल तर मोह होतो, पण आतली स्प्रिंग उडाली की डोळ्यांवर येते.

हल्ली समोरच्या तोंडातून सरळ बाहेर येणारे चाकूही असतात. त्यांचं पातं वाटेत कशाला अडलं तर रुळावरून उतरल्यासारखं ढिलं पडतं; ते हलक्या हातानं खटका बसेपर्यंत ओढायचं, एवढंच सांगून तो विषय सोडतो.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बटणाचा चाकू खिशात घालून गावभर फिरणं वेगळं. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेपासून ठरावीक मापावरच्या अशा चाकूंना मनाई आहे, आणि आपल्याकडेही पोलिसांचे मनाई हुकूम लागतात तेव्हा सुऱ्याचाकूंचा उल्लेख असतोच. काकांचा चाकू घर आणि वाडी सोडून कधी गेला नाही. रामपूरनं मात्र २०२३ साली एका चौकात सुमारे वीस फुटी चाकूच उभा केलाय. काकांनी तो पाहिला असता, तर पहिल्यांदा विचारलं असतं, पावसाळ्यात याला तेल कोण देतं?

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. चाकू माझ्या कपाटात असतो. पावसाळा सरला की मी तो काढतो, वर्तमानपत्र पसरतो. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून टर्पेंटाइन वापरतो. पात्याच्या बुडाशी चिंचेचा तो डाग अजून आहे. घासून जाईल इतका वरवरचा नाही. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली संपली होती, ती परवा आणायला गेलो, तर दुकानदारानं विचारलं, "मशीन कुठलं आहे तुमच्याकडे?"

"पितळी आहे," म्हटलं, "जुनं."