शिबिर संपल्यानंतर

(मेळघाटात तीन वर्षे आरोग्यसेवेचे काम केलेल्या एका तरुण कार्यकर्त्याने युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



प्रारंभीच एक खुलासा करतो. माझ्या परिचयात 'आरोग्यक्षेत्रातील कार्यकर्ता' असे म्हटले गेले. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. पदवीच्या अखेरच्या वर्षी एका आरोग्य शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसण्यासाठी म्हणून मी प्रथम मेळघाटात गेलो. जून महिना होता. अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे सातपुड्याचा दुर्गम भाग. वस्ती प्रामुख्याने कोरकू बांधवांची. दोन दिवसांत आम्ही १८६ रुग्णांची नोंद केली, औषधे वाटली, सामूहिक छायाचित्र काढले आणि मोठ्या समाधानाने परतलो.

शिबिराच्या अहवालासाठी आणखी काही छायाचित्रे हवी होती, म्हणून ऑगस्टमध्ये मी एकटाच त्या गावी पुन्हा गेलो. माझ्या आयुष्याला वळण लागले ते या दुसऱ्या खेपेत.

एका घरात आम्ही दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या आढ्याला खोचून ठेवलेल्या दिसल्या. पिशवीही सोडलेली नव्हती म्हटले तरी चालेल. दोनच गोळ्या कमी झाल्या होत्या. घरातील सून गरोदर होती. गोळी घेतल्यावर मळमळ झाली, शौचाला काळी झाली, ती घाबरली. लोहाच्या गोळ्यांनी असे होते, त्यात भिण्यासारखे काही नाही, हे एका वाक्यात सांगता आले असते. पण ते सांगायला गावात कोण होते? आम्ही तर छायाचित्र काढून निघून गेलो होतो.

दुसऱ्या घरी एक वर्षाच्या आतील अत्यंत कृश मूल आम्ही तपासले होते. 'रुग्णालयात दाखल करावे' अशी चिठ्ठी शिबिरातील डॉक्टरांनी लिहून दिली होती. त्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक माझ्या हस्ताक्षरात होता. मी मुलाची चौकशी केली. वडील आत गेले, पत्र्याची पेटी उघडली आणि नीट घडी घातलेली ती चिठ्ठी माझ्या हाती दिली. "चिठ्ठी सांभाळून ठेवली आहे," एवढेच ते म्हणाले. मूल पंधरा दिवसांपूर्वी गेले होते.

आपण शहरातील माणसे अशा वेळी चटकन म्हणतो, 'हे लोक अडाणी, यांना मुलांची पर्वा नाही.' मित्रहो, ज्याला पर्वा नाही तो माणूस मेलेल्या मुलाची चिठ्ठी पेटीत जपून ठेवत नाही. कुपोषित मुलाला दाखल करायचे म्हणजे आईने सुमारे दोन आठवडे त्याच्यापाशी राहायचे. घरी आणखी दोन मुले, दिवस पेरणीचे, नाल्याला पाणी आलेले, रुग्णालयातील बोलणे मराठीत आणि आईला येते फक्त कोरकू. आम्ही चिठ्ठी दिली. चिठ्ठीपासून रुग्णालयाच्या खाटेपर्यंतचा रस्ता मात्र दिला नाही.

मला त्या घरात कोणी दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

मातामृत्यूंचा अभ्यास करणारे तज्ज्ञ तीन विलंबांचा विचार मांडतात. पहिला विलंब उपचार घेण्याचा निर्णय होण्यात, दुसरा दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात आणि तिसरा पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात. बालकांच्या बाबतीतही हेच घडते. आमच्या शिबिराने फार तर तिसऱ्या विलंबाला दोन दिवसांपुरते उत्तर दिले. पहिल्या दोहोंचा आम्ही विचारही केला नव्हता.

आरोग्यातील समता म्हणजे सर्वांना सारखे वाटप, असा आपला समज असतो. वस्तुतः ज्याची वाट अधिक बिकट, त्याच्यासाठी अधिक व्यवस्था, हा तिचा अर्थ आहे. शासकीय नियोजनानेही हे तत्त्व मान्य केले आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर डोंगराळ आणि वनवासी भागात ३,००० मागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्र तेथे ३०,००० मागे, तर येथे २०,००० मागे. परंतु हे निकष माणसे मोजतात, नाले मोजत नाहीत. पावसाळ्यात मधला नाला भरला की तीन हजारांचा हिशोब कागदावरच राहतो. ते अंतर समाजालाच भरून काढावे लागते.

ते भरून काढता येते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे, हे सारे त्या घरी जाऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे २०११ मध्ये घरोघरी नवजात बाळाची काळजी हा देशभरातील आशा स्वयंसेविकांच्या कामाचा भाग झाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचे, असा क्रम ठरला. मेळघाटातही डॉ. रवींद्र कोल्हे १९८० च्या दशकात बैरागडला गेले आणि तेथेच राहिले. २०१९ मध्ये त्यांना व डॉ. स्मिता कोल्हे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्या राहण्याचे मोल मला पेटीतल्या चिठ्ठीने शिकवले.

पदवीनंतर मी त्याच गावी राहायला गेलो. पहिले सहा महिने फक्त भाषा शिकलो आणि आशाताईंबरोबर चाललो. औषध देण्याचा मला अधिकार नव्हता आणि ते माझे कामही नव्हते. त्या घरात जात, मी अंगणात बसून नोंदी लिहीत असे.

दुसऱ्या पावसाळ्यातील प्रसंग सांगतो. १ किलो ९०० ग्रॅम वजनाचे बाळ आरोग्य केंद्रातून घरी आले होते. सातव्या दिवशी आशाताई बाहेर येऊन म्हणाल्या, "भाऊ, बाळ दूध ओढत नाही. अंग गार लागतंय. आत्ताच न्यायला पाहिजे." आजीचा विरोध होता. परंतु त्या आजीच्या ओट्यावर मी वर्षभर बसलो होतो. तिची भीती रुग्णालयाची नव्हती. सून तेथे एकटी पडेल याची होती. "मी बरोबर जातो, आणि घेऊन येतो," एवढे म्हणताच ती उठून कपडे बांधू लागली. शेळ्या शेजारणीने सांभाळल्या. गावात मोबाईलला रेंज नव्हती. टेकडीवर चढून १०८ क्रमांकाला फोन केला. आशाताईंनी बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून लुगडे गुंडाळायला लावले. रुग्णवाहिका नाल्यापलीकडे थांबली, आम्ही पाण्यातून चालत गेलो. आज ते मूल अंगणवाडीत जाते आणि मला पाहिले की पळून जाते. बाळाचे निदान आशाताईंनी केले, उपचार डॉक्टरांनी केले. मी फक्त सोबत केली. पण त्या दिवशी नेमकी तेवढीच उणीव होती.

मित्रहो, आपण सर्वांनी मेळघाटात यावे असा माझा आग्रह नाही. आपल्या शहरातही मुख्य रस्त्यापासून अर्ध्या किलोमीटरवर अशी वस्ती आहे, जेथील बाई मोठ्या रुग्णालयाच्या दारातून केवळ खिडकी सापडत नाही म्हणून परत येते. माझी विनंती इतकीच की, शिबिर अवश्य घ्या, पण पुढल्या महिन्यात त्याच वस्तीत जाण्याचा दिवस ठरवूनच शिबिराची तारीख ठरवा. ज्याला चिठ्ठी द्याल त्याच्याबरोबर कोण जाणार, त्याचे नाव चिठ्ठीवरच लिहा. तेथील आशाताईंना, परिचारिकांना बाजूला सारू नका. त्यांचे काम सुकर करा आणि श्रेयही त्यांनाच द्या. व्यवस्था कमी पडत असेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारा. आपल्या सेवेने शासनाचे कर्तव्य संपत नाही.

आणि उपकाराची भावना मनात डोकावली, तर आपला अहवाल पुन्हा वाचा. आमच्या त्या अहवालात '१८६ रुग्ण लाभान्वित' असे छापले होते. त्यात ते मूलही मोजलेले आहे. ती चिठ्ठी त्या वडिलांच्या अनुमतीने आज माझ्याजवळ आहे. कोणत्याही गावातून निघताना मी ती एकदा उघडून पाहतो.