अक्का, तण्णी!



परगावी निघताना आपण भाकरी-चटणी बांधून घेतो. पैसे जपून ठेवतो. पण शब्दांची शिदोरी कोणी बांधतो का? आम्ही बांधली नव्हती. त्याची ही गोष्ट.

सन २०१८ च्या मे महिन्यात आम्ही गावच्या लोकांबरोबर रामेश्वरला निघालो. वाटेत मदुरैला उतरलो. मीनाक्षीचे दर्शन झाले. बाहेर ऊन रणरणत होते. आमच्या कुटुंबाला भोवळ आली. त्या मटकन खाली बसल्या.

आम्ही घाबरलो. समोरच्या दुकानदाराला म्हणालो, "अहो, पाणी द्या, पाणी!" त्याला मराठी येत नव्हते. मग आम्ही आणखी मोठ्याने ओरडलो. जणू काही तो बहिराच होता! त्याला वाटले, हा गृहस्थ भांडायला आलाय. तो आत निघून गेला.

आमच्याबरोबर शेजारच्या एक बाई होत्या. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. पण आगगाडीत समोरच्या बाईकडून त्या तमिळ शब्द शिकत होत्या. तेव्हा आम्ही मनात हसलो होतो. आता त्याच पुढे झाल्या. एका फूलवालीला त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "अक्का, तण्णी!"

तण्णी म्हणजे पाणी. फूलवाली हातातला गजरा ठेवून उठली. तिने पाणी पाजले. सावलीत बसवले. मुलगा बरोबर देऊन दवाखाना दाखवला.

आम्ही ३५ वर्षे मुलांना भाषा शिकवली. त्या दिवशी धडा आम्हाला मिळाला.

थोरल्या बहिणीला आपण आक्का म्हणतो. तिकडे अक्का म्हणतात. थोरल्या भावाला आपल्यासारखेच अण्णा म्हणतात. नात्याने हाक मारली की परका माणूसही थांबतो.

तुम्हाला आता लिहिता येते. निघण्याआधी तिकडचे पाच शब्द वहीत लिहून घ्या. तमिळ मुलखात जायचे तर हे लिहा :

वणक्कम – नमस्कार
तण्णी – पाणी
आस्पत्री – दवाखाना
एंगे? – कुठे?
नन्री – आभार

"अण्णा, आस्पत्री एंगे?" एवढे हळू विचारा. उत्तर कळले नाही, तरी बोट कुठे दाखवतात ते पाहा.

आणखी एक. पंढरीला कानडी, तेलुगू मुलखातूनही माणसे येतात. त्यातला कोणी वाट चुकून आपल्या ओट्याशी येईल. तो ओरडून बोलला, तर रागावू नका. तो भांडत नसतो, घाबरलेला असतो. त्याला आधी पाणी द्या.