शिडीवरचा माणूस



१८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे नेस्मिथ मास्तरांनी बास्केटबॉल सुरू केला, तेव्हा टोपल्यांना बूड होते. चेंडू आत पडला की कोणाला तरी शिडीवर चढून तो काढावा लागे. त्या माणसाचे नाव सहसा कोणी घेत नाही.

आपले नागपूर विद्यापीठ १९२३ सालचे. १९८३ साली अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. तिकडच्या कॉलेजांतले खेळाडू आपल्या संघाला अंतरले. ती वाटणी कागदावर झाली. दुसरी वाटणी कागदावर नाही. विद्यापीठाच्या संघात खेळायचे तर कॉलेजच्या पटावर नाव लागते. आम्ही गिरणीकामगारांच्या वस्तीत उंच, चपळ पोरे पाहिली. फीपायी ती कॉलेजऐवजी कामावर गेली.

संघाचा इतिहास लिहिताना मैदानावरचे पाच जण जरूर लिहा. पण पटावरच न आलेला सहावाही मोजा.